उंबऱ्यावरचे नारळ

आमच्या चोपडे गावात तेव्हा दोन पिकं जोरात यायची, मिरची आणि संशय. मिरचीला निदान पाणी घालावं लागायचं. संशय आपोआप उगवायचा, कुंपणावरून शेजाऱ्याकडे जायचा, माडावर चढायचा, सकाळच्या फेरीबोटीत बसून नदीपलीकडे शिवोलीला जाऊन यायचा आणि तिन्हीसांजेला आणखी जाडजूड होऊन परतायचा. माझे बाबा त्याच फेरीबोटीवर दोरखंड टाकायच्या कामाला होते, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

दिवसच तसे होते. गोव्याचं राज्य होणार म्हणत होते, पण त्याआधी राज्याची भाषा कुठली ते ठरायचं होतं, कोंकणी की मराठी. आमची माणसं भांडायची एका भाषेत, देवाला गाऱ्हाणं घालायची दुसऱ्या भाषेत, आणि म्हशीशी जे बोलायची ते दोन्ही बाजूंनी नाकारलं असतं. इतकी वर्षं त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. आता मात्र बायको जेवायला हाक मारायची तर नवरा आधी ती कुठल्या भाषेत मारली ते तपासायचा आणि मग पाटावर बसायचा. कोण कुठल्या सभेला जाऊन आला ते चपलेच्या मातीवरून ओळखणारे तज्ज्ञ गावात तयार झाले होते.

त्या तज्ज्ञांचा मेरुमणी म्हणजे आमचा पसरकार. पसरकार म्हणजे दुकानदार. त्याचा पसरा देवळाच्या वाटेवर होता. पुढे चहाची बाकं, मागे तांदूळ, साखर, रॉकेल. दुकानात एक जनेल होतं. त्या जनेलातून त्याला नदी दिसायची, देऊळ दिसायचं, शाळा दिसायची, आणि तो स्वतः सांगायचा त्यावर विश्वास ठेवला तर पणजीसुद्धा दिसायची. पोदेर सकाळी सायकलवरून पाव घेऊन आला की पसरकार त्याला आधी थांबवायचा.

"त्या वयल्या घरान आज चार पाव जास्त घेतले मरे? कोण आयला त्यांगेर?"

"माका किते खबर बाबा? पाव विकतंय मी, माणसां मोजणंय नाय."

"मोजूक जाय! हे दिस मोजपाचे आसात!"

अशा गावात आमच्या प्राथमिक शाळेत एक नवी बाई आली. साखळी गावची. गोरीपान, किरकोळ, आणि तोंडात साखर. मी चौथीत होते. मास्तर नावाच्या प्राण्याचा आवाज छपराची कौलं हलवणारा असतो अशी आमची तोवरची समजूत, आणि ही बाई अशी बोलायची की शेवटच्या रांगेतली पोरं आपणहून पुढे सरकायची. एक दिवस वर्गात मारामारी झाली. एकाने दुसऱ्याच्या बापाला अमक्या पार्टीचा म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याच्या शेंडीला हात घातला. बाईंनी कोणाला मारलं नाही. पाट्या बाजूला ठेवायला लावल्या आणि गोष्ट सांगितली.

गोष्ट त्यांनी तिथल्या तिथे रचली असणार. एक गाव होतं. त्या गावाचा राखणदार, म्हणजे गावची वेस सांभाळणारा देव, म्हातारा झाला. फिरून फिरून त्याच्या पायाला फोड आले. गावातली माणसं एकमेकांकडे पाठ करून जेवायला लागली होती, त्यामुळे त्याची विचारपूस करायला कोणी गेलं नाही. मग गावातल्या पोरांनी ठरवलं, देव बरा होईपर्यंत त्याचं काम आपण करायचं. रोज एका उंबऱ्यावर काहीतरी चांगलं ठेवायचं आणि पळून जायचं. कोणी पाहिलं तर ते फुकट. कोणाला सांगितलं तरी फुकट. हळूहळू त्या गावातल्या माणसांना वाटायला लागलं की आपलं बरं चिंतणारं कोणीतरी इथेच आहे, फक्त कोण ते कळत नाही. कोण ते कळत नसल्यामुळे ती सगळ्यांशीच बरी वागायला लागली.

गोष्ट संपली तेव्हा आमच्या वर्गात जी शांतता पसरली तशी शांतता मी पुढे फक्त परीक्षेच्या निकालाला पाहिली. दोन दिवसांनी बाई साखळीला घरी गेल्या, आणि त्याच आठवड्यात भाषेच्या भांडणात रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. बाई तिकडेच अडकल्या. इकडे आम्ही गोष्ट घेऊन मोकळे.

काय ठेवायचं ते बाईंनी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तरी काय असणार? प्रत्येकाच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात नारळांची रास असायची. नारळ चांगलाच असतो. नुसता नारळ ओकाबोका दिसतो म्हणून मी त्यावर तांबडं दासवणीचं, म्हणजे जास्वंदीचं, फूल ठेवलं. माझी मावसबहीण माझ्याहून वर्षाने लहान, पण संसाराला तेव्हापासून पक्की. ती म्हणाली, "घरात कोण आयला की आई हळद-पिंजर लायता. तशी लावया." तिने नारळाला हळद लावली, पिंजर म्हणजे कुंकू लावलं. खाली केळीच्या पानाचा तुकडा. वर तांदळाचे चार दाणे. इतकं देखणं काम आमच्या हातून तोवर झालं नव्हतं.

आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. बाहेरच्या माणसासाठी सांगते. तिन्हीसांजेला दारात हळद-पिंजर लावलेला नारळ आणि त्यावर तांबडं फूल दिसलं की त्याला आमच्याकडे एकच नाव आहे, करणी. कोणीतरी तुमचं वाटोळं करायला घाडी, म्हणजे मांत्रिक, गाठला, पैसे मोजले आणि हे तुमच्या दारात टाकलं. दुसरा अर्थच नाही. आम्हा पोरांना तो माहीत नव्हता, कारण असल्या गोष्टी पोरांसमोर बोलायच्या नसतात असा आमच्या थोरांचा नियम होता.

पहिला नारळ आम्ही पसरकाराच्या दारात ठेवला. सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे यावर वर्गाचं एकमत होतं.

तो दार उघडून बाहेर आला, खाली बघितलं, आणि जी किंकाळी फोडली ती ऐकून पलीकडच्या काठावरची फेरीबोट प्रवासी न घेताच सुटली. बाबा तिच्यावरच होते. पसरकार उडी मारून बाकावर चढला आणि तिथूनच गुरवाला हाका मारायला लागला. गुरव आला, लांबूनच वाकून बघितलं, आणि म्हणाला, "हात लावू नाका. झाडूच्या दांड्यान लोटून न्हंयत सोडा." पसरकाराने तसा तो दांड्याने लोटत लोटत नदीपर्यंत नेला, आणि अख्खं गाव त्याच्यामागून पण अंतर राखून गेलं.

"हे त्या पार्टीवाल्यांचां काम," पसरकार नदीकाठी म्हणाला. कुठल्या पार्टीवाल्यांचं ते त्याने सांगितलं नाही. अर्धी माणसं एका बाजूच्या लोकांकडे बघायला लागली, अर्धी दुसऱ्या.

आम्ही कुंपणामागे उकिडवे बसून हे बघत होतो. आमचा हिरमोड झाला. पसरकाराला आवडलं नाही. का आवडलं नसेल? मावसबहीण विचार करून म्हणाली, "लिंबू नव्हता. लिंबू ठेवूक जाय होता."

पुढच्या नारळासोबत आम्ही लिंबू ठेवला.

त्या पंधरवड्यात चोपड्याच्या नदीत इतके नारळ गेले की भरतीला ते काठाकाठाने रांग लावून उभे राहायचे. बाबा सांगायचे, एकदा फेरीबोट नारळांवर चढली आणि आमच्या काठाला लागण्याऐवजी गडगडत थेट देवळापर्यंत जाणार होती, पण त्यांनी दोरखंड वेळेवर टाकला. नदीतला नारळ काढून घ्यायची हिंमत कोणाला नव्हती. आणि गंमत अशी की त्याच दिवसांत घराघरांतल्या राशींतून नारळ चोरीला जायला लागले. एकीकडे नारळ नाहीसे होतात, दुसरीकडे नारळ प्रगट होतात. हे दोन्ही नारळ एकच असतील, असं त्या सगळ्या तज्ज्ञांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चोर वेगळा आणि करणीवाला वेगळा, असे दोन संशय त्यांनी शेजारी शेजारी पाळले.

माणसं तिन्हीसांजेला दारं लावून घ्यायला लागली. शेजारीण मीठ मागायला आली तर आई तिच्या हातांकडे बघत मीठ द्यायची. सख्खे भाऊ अंगणातल्या आपापल्या अर्ध्या भागाला पहारा द्यायचे. गोष्टीतल्या गावात जे व्हायला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं आमच्याकडे चाललं होतं. आम्हा पोरांना वाटलं, अजून थोडं ठेवायला हवं.

आता पलतडची, म्हणजे पलीकडच्या तीराची, आजी.

नदीच्या कडेला, देवळाच्या जमिनीत एका झोपडीत एक म्हातारी राहायची. ती तेरेखोलच्या खाडीपलीकडची, सिंधुदुर्गातली. नवरा डिचोलीच्या खाणीवर मजूर होता. त्याच्याबरोबर ती इथे आली, आणि तो गेल्यावरही इथेच राहिली. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायची आणि घरोघर विकायची. माझी आई लग्न होऊन चोपड्यात आली त्याच्या आधीपासून ती तिथे होती. पण आई चार महिन्यांत चोपड्याची झाली आणि म्हातारी पलतडचीच राहिली. कोणी तिच्याशी वाईट वागायचं नाही. तिसऱ्या घ्यायचे, हसून बोलायचे, आणि पायरीवर बसवायचे. कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, नाही.

आम्ही तिच्याही दारात नारळ ठेवला. लिंबू, हळद, पिंजर, दासवण, सगळ्या सुधारणांसकट.

दुसऱ्या दिवशी पसरकाराची बायको तिसऱ्या घ्यायला तिच्याकडे गेली. झोपडीच्या मागे नारळाच्या करवंट्या पडलेल्या. करवंटीला बाहेरून हळद, पिंजर. चुलीवर खोबरं घातलेल्या तिसऱ्यांचं सुकं रटरटतंय.

"आजये, हो नारळ खंयचो?"

"दारात होतो. कोणी ठेवलो काय ठावक."

"आनी तू खाल्लंस?"

"मग काय करू? न्हंयत उडवू? कोणीतरी बऱ्या मनान ठेवलो असतलो. लिंबू पण होतो बाय. लोणच्यात घातलंय."

पसरकाराची बायको तिसऱ्या न घेताच परत आली. आली कसली, धावली. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला होता. करणीचा नारळ खाऊन जिला काही होत नाही, तिनेच तो केलेला असणार. विष घालणाऱ्याला आपलं विष बाधत नाही. शिवाय जमीन देवळाची. देवळाच्या जमिनीत बसून देवाच्या गावावर करणी! पसरकाराने चहाच्या बाकावर उभं राहून सांगितलं, "येत्या सोमवारी देवाक प्रसाद लावया. देवान सांगला काय तिका खाडीपलीकडे पोचवया. झोपडी मोडूक कितको वेळ लागता?"

हे मी बाकामागे उभी राहून ऐकलं. सांगितलं तर सगळं फुकट जाणार होतं, बाईंनी स्पष्ट सांगितलेलं. पण झोपडी मोडणं हे बाईंच्या गोष्टीत कुठेच नव्हतं. मी घरी गेले आणि आईला सांगून टाकलं.

"आई, नारळ आम्ही ठेवले."

आईच्या हातातली रोवळी खाली पडली. "किते म्हणालंस?"

"नारळ. आम्ही पोरांनी ठेवले. लिंबू पण. सगळ्यांच्या दारात."

आईने माझ्या डोळ्यांत बघितलं. कपाळाला हात लावला. मग दारात जाऊन शेजारणीला हाक मारली. "अगो धाव! चेडवाक लागलां! म्हातारेन लायलेलां भूत माझ्या चेडवाच्या तोंडातसून बोलता गो!"

तिने माझी दृष्ट काढली. मीठ, मिरच्या, मोहऱ्या. मिरच्या आमच्या शेतातल्या होत्या, चुलीत पडल्यावर अख्ख्या वाड्याला ठसका लागला. दंडाला काळा दोरा बांधला, कपाळाला अंगारा फासला. मी ओरडत होते, "खरंच आम्ही ठेवले!" आणि मी जितकं ओरडत होते तितका दोरा जाड होत होता. मावसबहिणीने आपल्या घरी सांगितलं, तिलाही दोरा. शाळेच्या मागल्या घरातल्या दोघा भावांनी सांगितलं, त्यांना दोन दोन. सोमवार उजाडेपर्यंत अख्खी चौथी काळे दोरे बांधून फिरत होती, आणि पसरकार प्रत्येक दोरा दाखवून सांगत होता, "पळयलात? भुरग्यांक पण धरल्यान. तिचां नाव वाचवूक भुरगी आपल्यार घेतत!"

म्हणजे आम्ही खरं बोलून म्हातारीला आणखी खोल चिखलात ढकललं होतं.

सोमवारी सकाळी देवळात मुंगीला जागा नव्हती. त्या छोट्या सभामंडपात पेडणे तालुका, निम्मा डिचोली आणि थोडा सावंतवाडीचा भाग मावला होता असं मला वाटतं. पलतडची आजी पायऱ्यांच्या खाली, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. तिला वर या म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

प्रसाद लावणं म्हणजे देवाला विचारणं. फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न करायचा. उजवी पाकळी पडली तर होय. डावी पडली तर नाही. पण एक मोठी अट होती. देवापुढे कोणाचं नाव घेऊन विचारायचं नाही. नाव चुकीचं निघालं तर दोष विचारणाऱ्यावर उलटतो. म्हणून पसरकाराच्या ओठांवर असलेलं नाव गुरवाने ओठांवरच थांबवलं, आणि वळसा घेऊन विचारायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या गावाच्या उंबऱ्यांर जी वस्तू पडता, ती घालपी हात आज ह्या देवळाच्या आवारात आसा?"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. हे उत्तर नव्हे, गाऱ्हाण्याला साथ द्यायची रीत.

पाकळी थरथरली आणि पडली. उजवी.

सगळ्या माना एकदम पायऱ्यांखाली वळल्या. माझी मान फक्त खाली गेली. देव आमच्याबद्दल बोलत होता. मी मावसबहिणीचा हात धरला, तो माझ्या हातापेक्षा गार होता.

"तो हात एकट्याचो?"

डावी.

कुजबूज उठली. एकट्याचा नाही! साथीदार आहेत! ज्या माना म्हातारीकडे होत्या त्या हळूहळू शेजारच्या माणसाकडे वळल्या. दाटीवाटीत उभी असलेली माणसं जागा नसताना एकमेकांपासून वीतभर लांब सरकली. ती जागा कुठून आली देव जाणे.

"ते दादले?"

डावी. पुरुष नव्हेत. पुरुषांनी श्वास सोडला तो नदीवर लाटा उठवून गेला. पसरकार विजयी चेहऱ्याने बायकांच्या बाजूकडे बघायला लागला.

"तर मगे, बायलो?"

पुन्हा डावी.

गुरवाने पाकळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. दादले नव्हेत, बायका नव्हेत, बरेच जण आहेत, आणि आत्ता, या क्षणी, आपल्यामध्ये उभे आहेत. देवळात असा गारठा पसरला की बाहेर ऊन असूनही दोघांनी उपरणी अंगाभोवती घट्ट ओढली. अख्खी चौथी समोर उभी होती, दंडाला काळे दोरे बांधून. एवढी सगळी मोठी माणसं आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होती. देव आणखी किती सोपं करून सांगणार?

मी तोंड उघडलं. आईने मागून तळहाताने ते बंद केलं.

"भुतां!" कोणीतरी म्हणालं.

"पितर," थोरला गावकर म्हणाला. मानकऱ्यांत तो पहिला, त्याचा शब्द वजनाचा. "पितर असंतुष्ट आसत. भाशेच्या भांडणान." त्याने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की दोन्ही पार्ट्यांची माणसं लाजली.

पसरकाराला हे पटलं नाही. त्याला हातचं काही सुटताना दिसत होतं. "आनी एक विचारा," तो म्हणाला. "घरचे की भायले? इतक्यां विचारा फकत."

गुरवाने पाकळ्या भिजवल्या. "म्हाराजा, हे घालपी गावाभायले?"

"व्हय म्हाराजा!"

डावी. बाहेरचे नव्हेत. गावचेच.

थोरल्या गावकराने सुटकेचा श्वास सोडला, पायऱ्यांच्या कडेपर्यंत आला, आणि म्हातारीला म्हणाला, "आजये, देवान तुका सोडल्यान. जा घरा. घालपी गावचे आसत. तू भायली. तुझो संबंध ना."

माझा जीव भांड्यात पडला. झोपडी राहिली. आम्ही पोरं उड्या मारायच्या बेतात होतो.

म्हातारी उठली नाही.

"काय म्हणालात?"

"सुटलंस म्हणता मी. भायल्याचां काम न्हय ता."

"मी भायली?"

"मगे? पलतडची तू."

म्हातारी उठली. तिच्या गुडघ्यांचा आवाज मला गाभाऱ्याजवळ ऐकू आला, आणि यात मी काही वाढवून सांगत नाही. ती पायऱ्या चढून वर आली. सभामंडपात तिला येताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"माका सुटाक नको," ती म्हणाली. "अशी सुटाक नको. चोर म्हणा, घाडीण म्हणा, झोपडी मोडा. पण भायली म्हणून सोडू नकात. ह्या तुमच्या न्हंयत माझे पाय कुसले. तुमच्या पोरांची बारशी होती तेव्हा तिसऱ्यो मी दिल्यो. माझो घोव ह्या मसणात जळलो. मी खंय जाव? पलतडाक माका वळखणारो एक कुत्रो पण उरलो नाय. इचारा देवाक. माझां नाव घेऊन इचारा. दोष येवदे माझ्यार. मी ह्या गावची की भायली?"

गुरवाने गावकराकडे बघितलं. गावकराने जमिनीकडे बघितलं. नाव घेऊन विचारायचं नाही, पण जिचं नाव तीच मागत असेल तर काय करायचं, याचा दाखला कोणाकडे नव्हता.

"आजये, ऐक," पसरकार म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "देवान तू गावची म्हटल्यान, तर संशय परत तुझ्यार येता. कळता मगे तुका? आत्ता सुटल्यात जमा आसस. उगीच गळ्यात घेव नको."

"येवदे."

"झोपडी..."

"येवदे म्हणतंय मी! तुमी एकमेकांर संशय घेतास, रोज घेतास. ह्येच्या चपलेर, त्येच्या सभेर, कोणाच्या घरात किती पाव इले त्येच्यार. माझ्यार कधी कोणी घेतलो? माका नुसते भियालात. घेवा ना माझ्यार पण. घरचो संशय घेवा."

गुरवाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या. लावण्याआधी त्याने स्वतःचे कान धरले हे मी शपथेवर सांगते, आणि माझ्या बाकीच्या शपथा खोट्या धरल्या तरी ही धरू नका. त्याने दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या. म्हातारीचं नाव घेतलं. तिला नाव आहे हे मला तेव्हा कळलं.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला, पण या वेळी गरजला नाही. हळू म्हणाला.

पाकळी चिकटून राहिली. त्या वेळात भरती येऊन गेली असती, दोन फेऱ्या शिवोलीला जाऊन आल्या असत्या, मला स्थळं आली असती. पाकळीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब जमा झाला, मोठा झाला, लोंबला, आणि पाकळीला घेऊनच खाली आला.

उजवी.

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. आम्हा पोरांवरून तिची नजर एकदा फिरली, काळ्या दोऱ्यांवर जराशी अडखळली आणि पुढे गेली. मग ती पसरकाराकडे वळली, आणि कमरेवर हात ठेवून, चोपड्यातल्या कुठल्याही बाईने उभं राहावं तशी त्याच्यासमोर उभी राहिली.

"बरां झाला. आता माझो एक संशय आसा."

"तुझो?" पसरकार मागे सरकला.

"माझो. माझी तांबडी भाजी रोज कोणाची तरी बकरी खाता. माझ्या मनात आसा कोणाची ती. इतकी वर्सां बोललंय नाय. आज देवाक इचारतंय. गुरवा, लाव पाकळी."

"ना ना ना!" पसरकार दोन्ही हात वर करून म्हणाला. "बकऱ्याखातीर देवाक कित्याक त्रास? मी बघतां ता. मी बांधतां बकरी."

"म्हणजे तुझीच ती!"

सभामंडपात जे हसू फुटलं त्याने घंटा आपोआप वाजल्या. दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच वेळी हसली, आणि हसताना कोण कुठल्या भाषेत हसतंय ते कोणी तपासलं नाही. गुरवसुद्धा पाठ फिरवून हसत होता. पसरकार तेवढा हसला नाही. तो म्हातारीकडे डोळे बारीक करून बघत होता, जसा तो गावातल्या प्रत्येकाकडे बघायचा, नखापासून केसापर्यंत, काय लपवलंय ते शोधत.

"आजये," तो म्हणाला, "एक सांग. तू मराठीवाली काय कोंकणीवाली?"

"कित्याक सांगू?" म्हातारी म्हणाली आणि पायऱ्यांवर न जाता तिथेच, बायकांच्या रांगेत, माझ्या आईच्या शेजारी मांडी घालून बसली.